380 ते 4,894 : आयर्लंडमधील काउंटी कौन्सिल निवडणुकीचे एक प्रकरण

11 जून 1999 रोजी आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. डब्लिनच्या पश्चिम कडेला असलेल्या मल्हडर्ट प्रभागात फिना गेल पक्षाच्या वीस वर्षांच्या एका उमेदवाराला पहिल्या पसंतीची केवळ 380 मते मिळाली आणि त्याचा पराभव झाला. बरोबर पाच वर्षांनी, 11 जून 2004 रोजी, त्याच काउंटी कौन्सिलच्या कॅसलनॉक प्रभागात त्याच उमेदवाराने 4,894 मते घेतली. त्या वर्षीच्या स्थानिक निवडणुकांत संपूर्ण देशात कोणालाही पहिल्या पसंतीची इतकी मते मिळाली नव्हती, आणि पहिल्याच फेरीत त्याला निवडून आल्याचे घोषित करण्यात आले. हा उमेदवार म्हणजे लिओ वराडकर. मालवण तालुक्यातील वराड हे त्यांच्या वडिलांचे मूळ गाव असल्यामुळे 2017 साली ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मराठी वाचकांना त्यांची ओळख झाली. त्यांच्या राजकारणाची सुरुवात मात्र काउंटी कौन्सिलमधून झाली, आणि त्या सुरुवातीकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

380 पासून 4,894 पर्यंतची ही वाटचाल सहसा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. परंतु कागदपत्रे आणि नियम शेजारी ठेवून पाहिले तर या पाच वर्षांतील प्रत्येक टप्प्यावर आयर्लंडच्या स्थानिक निवडणूक पद्धतीतील एखादा विशिष्ट नियम काम करताना दिसतो. शिवाय, देशातील सर्वाधिक मते मिळवणे ही जागांच्या हिशेबात पक्षासाठी निव्वळ फायद्याची बाब असतेच असे नाही, हेही या प्रकरणातून समजून घेता येते. व्यक्तीपेक्षा पद्धतीकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम कौन्सिलविषयी. 1 जानेवारी 1994 रोजी जुन्या डब्लिन काउंटीचे तीन भाग करण्यात आले, आणि त्यांतून फिंगल, साउथ डब्लिन व डन लिअरी–रॅथडाउन या तीन स्वतंत्र काउंटी अस्तित्वात आल्या. फिंगल काउंटी कौन्सिलचे मुख्यालय सोर्ड्‌स या गावात आहे. डब्लिनचा विमानतळ, उत्तरेकडील समुद्रकाठची गावे, भाजीपाल्याची शेते आणि पश्चिमेकडे झपाट्याने वाढलेल्या ब्लँचर्ड्‌सटाउन परिसरातील वसाहती हे सर्व तिच्या हद्दीत येते. आपल्या जिल्हा परिषदेवरून या संस्थेची कल्पना करणे मात्र फसवे ठरेल, कारण आयर्लंडमध्ये शाळा, आरोग्यसेवा आणि पोलीस यांचा कारभार काउंटी कौन्सिलकडे नसतो. सामाजिक गृहनिर्माण, स्थानिक रस्ते, ग्रंथालये, उद्याने, बांधकाम परवानग्या आणि विकास आराखडा हे तिचे मुख्य विषय होत. त्यांतही अधिकारांची वाटणी ठरलेली असते. अर्थसंकल्प मंजूर करणे आणि विकास आराखडा स्वीकारणे यांसारखे निर्णय निवडून आलेले सदस्य घेतात, तर एखाद्या घरमालकाच्या बांधकामाच्या अर्जावरील निर्णय, घरांचे वाटप आणि दैनंदिन प्रशासन मुख्य अधिकाऱ्याकडे असते.

तरीही सदस्यत्वाला वजन आहे, आणि ते मुख्यतः जमिनीमुळे आहे. शेतजमीन निवासी किंवा व्यापारी वापराखाली आणण्याचा अधिकार सदस्यांच्या मतदानावर अवलंबून असल्यामुळे एका ठरावाने एकरांची किंमत बदलते. जुन्या डब्लिन काउंटी कौन्सिलमध्ये अशा ठरावांसाठी सदस्यांना पैसे दिले गेल्याच्या आरोपांची चौकशी 1997 साली नेमलेल्या न्यायाधिकरणाने केली, आणि तिचा अंतिम अहवाल येण्यास 2012 साल उजाडले. कौन्सिलला अधिकार कमी आहेत असे आयर्लंडमध्ये नेहमी म्हटले जाते. या चौकशीचा इतिहास पाहिला तर ते विधान थोडे सावधपणे करावे लागते.

आता मतदानाची पद्धत. आयर्लंडमध्ये एकल संक्रमणीय मतपद्धती वापरली जाते. स्थानिक निवडणुकांत तिचा पहिला प्रयोग जानेवारी 1919 मध्ये, देश अजून ब्रिटिश अमलाखाली असताना, स्लायगो या शहराच्या निवडणुकीत झाला. त्यानंतर ती सर्व स्थानिक निवडणुकांना लागू झाली आणि आजतागायत टिकून आहे. मराठी वाचकांना ही पद्धत अगदीच अनोळखी नाही. विधान परिषदेच्या निवडणुकीच्या रात्री ‘पहिल्या पसंतीचा कोटा’, ‘दुसऱ्या पसंतीची मते’ हे शब्द आपल्या वाहिन्यांवर सतत ऐकू येतात. फरक इतकाच, की आपल्याकडे ती पद्धत आमदारांपुरती किंवा पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांपुरती मर्यादित आहे, आणि आयर्लंडमध्ये घरोघरचा मतदार आपल्या प्रभागाचा सदस्य निवडताना ती वापरतो.

प्रत्येक प्रभागातून अनेक सदस्य निवडून द्यायचे असतात. सध्या ही संख्या तीन ते सात अशी असते. आपल्या महापालिकांतील बहुसदस्यीय प्रभागाशी याचा घोटाळा करू नये. आपल्याकडे चार सदस्यांच्या प्रभागात मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळे मत देतो आणि प्रत्येक जागेचा विजेता स्वतंत्रपणे ठरतो. आयर्लंडमध्ये मतदाराला एकच मत असते. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे आडनावाच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने छापलेली असतात. मतदार आपल्या पहिल्या पसंतीच्या उमेदवारासमोर 1, नंतरच्यासमोर 2, असे आकडे पेन्सिलीने लिहितो. त्याला वाटेल तिथे तो थांबू शकतो. फक्त 1 लिहिलेली मतपत्रिकाही वैध असते. दोन नावांसमोर 1 लिहिले तर मात्र ती बाद होते. क्रमात मध्येच एखादा आकडा सुटला तर त्या आकड्यापर्यंतची पसंती धरली जाते आणि पुढची सोडून दिली जाते. वर्णानुक्रमातील वरच्या नावांना थोडा लाभ होतो हे आयरिश अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, आणि त्या हिशेबाने वराडकर हे आडनाव यादीच्या चुकीच्या टोकाला येते.

1999 ची निवडणूक ज्या दिवशी झाली त्याच दिवशी आणखी एक महत्त्वाचा निर्णय झाला. तोपर्यंत स्थानिक निवडणुका सरकारच्या सोयीने पुढे ढकलल्या जात असत. 1985 नंतरची निवडणूक 1991 साली आणि तिच्यानंतरची थेट 1999 साली झाली. 11 जून 1999 च्या सार्वमताने राज्यघटनेत अशी तरतूद आली की स्थानिक निवडणुका दर पाच वर्षांनी झाल्याच पाहिजेत. 2022 नंतर वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिलेल्या महाराष्ट्रातील महापालिकांचा अनुभव ताजा असताना या तरतुदीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या आणि नुकताच हरलेल्या उमेदवाराच्या दृष्टीने तिचा अर्थ अगदी व्यावहारिक होता: पुढची संधी कोणत्या वर्षी येणार हे प्रथमच निश्चित झाले होते.

या पद्धतीत 380 मतांचा अर्थही नीट समजून घ्यावा लागतो. कमी मतांचा उमेदवार बाद झाला की त्याच्या मतपत्रिका रद्दीत जात नाहीत. त्या पुन्हा उघडून प्रत्येकीवरील पुढची पसंती पाहिली जाते आणि स्पर्धेत उरलेल्या उमेदवारांच्या गठ्ठ्यांत त्या टाकल्या जातात. म्हणून नवख्या उमेदवाराला मत देणारा मतदार आपले मत वाया घालवत नाही. तो नवख्याला अजमावून पाहतो आणि लगेच दुसऱ्या क्रमांकावर आपला खात्रीचा माणूस लिहून ठेवतो. राजकीय पक्षही याच कारणाने तरुण उमेदवारांना उभे करण्यास फारसे कचरत नाहीत. त्या उमेदवाराने गोळा केलेली दोन-चारशे मते, तो बाद झाल्यावर, बहुतांशी पक्षाच्याच दुसऱ्या उमेदवाराकडे येतील अशी अपेक्षा असते. एका जागेच्या, एका फेरीच्या निवडणुकीत अशा तरुणाला ‘मते खाणारा’ म्हटले गेले असते.

दुसरा टप्पा 2003 सालचा आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत कमी चर्चिला गेलेला टप्पा हाच आहे. त्या वर्षी कॅसलनॉक प्रभागात शीला टेरी यांची जागा रिकामी झाली आणि तिच्यावर वराडकर यांची नेमणूक झाली. आयर्लंडमध्ये कौन्सिलच्या रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक होत नाही. गेलेला सदस्य ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आला होता, तो पक्ष नाव सुचवतो आणि कौन्सिल त्या नावाला मान्यता देते. आपल्याकडील स्वीकृत नगरसेवकाशी याची तुलना होऊ शकत नाही, कारण स्वीकृत नगरसेवकाला सभागृहात मतदानाचा हक्क नसतो; आयर्लंडमधील नेमलेला सदस्य मात्र निवडून आलेल्या सदस्याइतकाच पूर्ण सदस्य असतो. अर्थसंकल्पावर तो मत देतो, विकास आराखड्यावर मत देतो, आणि मुख्य म्हणजे पुढच्या निवडणुकीत विद्यमान सदस्य म्हणून मतदारांसमोर जातो.

त्याच सुमारास झालेल्या एका कायद्याने या वाटेची रुंदी वाढवली. संसदेच्या कोणत्याही सभागृहाच्या सदस्याला एकाच वेळी कौन्सिलचे सदस्यत्व ठेवता येणार नाही, असे 2003 च्या कायद्याने ठरवले. त्यापूर्वी डॉल या कनिष्ठ सभागृहाचे अनेक सदस्य आपल्या काउंटीतील जागाही सांभाळून असत, म्हणजे घरच्या प्रभागात दुसरे कोणी डोके वर काढणार नाही याची तजवीज होई. या बंदीनंतर देशभरातील कितीतरी जागा मोकळ्या झाल्या आणि 2004 च्या निवडणुकीपूर्वी त्यांवर नवे चेहरे आले. एकाच व्यक्तीच्या हातात दोन पदे राहू नयेत हा कायद्याचा हेतू योग्यच होता. परंतु मतदारांनी एकदाही न निवडलेल्या व्यक्तीला विद्यमान सदस्यपदाचा लाभ मिळवून देणारी पोटनिवडणुकीविना नेमणुकीची पद्धत मला पटत नाही. वर्षभराच्या सदस्यत्वात दारोदार जाऊन रस्त्याच्या दिव्यांचे, खड्ड्यांचे आणि घरवाटपाचे प्रश्न हाती घेता येतात, आणि आयर्लंडमधील स्थानिक मतदार पक्षापेक्षा अशा कामांवर माणूस जोखतो.

2004 ची निवडणूक खरे तर कागदाशिवाय व्हायची होती. 2002 च्या संसदीय निवडणुकीत तीन मतदारसंघांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर मतदान झाले होते, आणि ज्यात कॅसलनॉक येते तो डब्लिन वेस्ट मतदारसंघ त्या तिन्हींपैकी एक होता. त्या रात्री शेजारच्या डब्लिन नॉर्थमध्ये माजी न्यायमंत्री नोरा ओवेन यांचा पराभव कोणतीही पूर्वकल्पना न मिळता व्यासपीठावर एकदम जाहीर झाला, आणि तो प्रसंग देशभर चर्चेचा विषय ठरला. तरीही सरकारने संपूर्ण देशासाठी यंत्रे विकत घेतली. एप्रिल 2004 च्या अखेरीस स्वतंत्र आयोगाने ही यंत्रणा पुरेशी विश्वासार्ह असल्याची ग्वाही आपण देऊ शकत नाही असे कळवले, आणि जेमतेम सहा आठवडे आधी सरकारला पुन्हा कागदी मतपत्रिकेकडे वळावे लागले. पाच कोटी युरोंहून अधिक खर्च झालेली ती यंत्रे पुढे गोदामांत पडून राहिली आणि 2012 साली सुमारे 70 हजार युरोंना भंगारात विकली गेली.

त्यामुळे कॅसलनॉकच्या मतदारांनी 2004 साली पुन्हा पेन्सिल हाती घेतली. आयर्लंडमधील मतमोजणी मतदानाच्या दिवशी रात्री सुरू होत नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी, बहुधा एखाद्या क्रीडासंकुलात किंवा मोठ्या सभागृहात होते. मतपेट्या टेबलांवर रिकाम्या केल्या जातात आणि कर्मचारी प्रत्येक मतपत्रिका उलगडून, अंकांची बाजू वर ठेवून, सरळ करतात. या वेळी कठड्यापलीकडे निरनिराळ्या पक्षांचे कार्यकर्ते हातात पुठ्ठा आणि कागद घेऊन ओणवे उभे असतात. समोर उलगडणाऱ्या प्रत्येक मतपत्रिकेवरील 1 हा आकडा कोणासमोर आहे ते पाहून ते रेघा मारत जातात, आणि पेटी कोणत्या मतदान केंद्रातून आली हे माहीत असल्यामुळे कोणत्या वसाहतीने कोणाला किती मते दिली याचा जवळपास अचूक नकाशा दुपारपर्यंत त्यांच्या हाती येतो. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या कामात आकडे वाटून घेतात. अधिकृत पहिली फेरी जाहीर होण्याच्या कितीतरी आधी सभागृहात निकाल ठाऊक झालेला असतो. यंत्रांनी नेमकी हीच गोष्ट काढून घेतली होती, आणि यंत्रांना झालेल्या विरोधात तांत्रिक शंकांइतकाच या जुन्या रिवाजाचा वाटा होता असे मला वाटते.

आता कोटा. वैध मतांना एकूण जागा अधिक एक या संख्येने भागायचे आणि आलेल्या पूर्णांकात एक मिळवायचा. समजण्यासाठी एक काल्पनिक प्रभाग घेऊ: जागा चार आणि वैध मते 10,000. पाचाने भागून 2,000 येतात, म्हणून कोटा 2,001. एखाद्या उमेदवाराला पहिल्या फेरीत 3,201 मते मिळाली तर तो निवडून आला आणि त्याची 1,200 मते अतिरिक्त ठरली. ही मते त्याच्याकडे ठेवून उपयोग नाही, म्हणून ती पुढे पाठवली जातात. त्यासाठी त्याच्या सर्व 3,201 मतपत्रिकांवरील दुसरी पसंती तपासली जाते. समजा, त्यांपैकी 2,400 मतपत्रिकांवर स्पर्धेत असलेल्या कोणाची ना कोणाची पसंती आहे: एकाला 1,600, दुसऱ्याला 600, तिसऱ्याला 200. पाठवायची मते याच्या निम्मी असल्यामुळे त्यांना अनुक्रमे 800, 300 आणि 100 मते मिळतात. यानंतर कोणीच कोटा गाठला नाही तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढे जातात. चारही जागा भरेपर्यंत हे चालते, आणि त्याला कधीकधी दोन-तीन दिवसही लागतात. शेवटची जागा पुष्कळदा कोटा न गाठताच भरते, कारण बऱ्याच मतपत्रिकांवर पुढची पसंती उरलेलीच नसते.

प्रत्यक्षात पुढे पाठवल्या जाणाऱ्या 800 मतपत्रिका कोणत्या, हा प्रश्न चोखंदळ वाचकाला पडेल. आयर्लंडमध्ये प्रत्येक मताचे अपूर्णांकात तुकडे करण्याऐवजी त्या उपगठ्ठ्यातील ठरावीक संख्येच्या अखंड मतपत्रिका उचलल्या जातात. मोजणीपूर्वी सर्व मतपत्रिका मिसळलेल्या असल्यामुळे त्या प्रातिनिधिक असतील असे गृहीत धरले जाते; तरी त्यांवरील तिसऱ्या-चौथ्या पसंतीत नशिबाचा थोडा अंश राहतोच.

याच गणितामुळे देशातील सर्वाधिक मतांकडे पक्षाचा हिशेबनीस वेगळ्या नजरेने पाहतो. वरच्याच प्रभागात एखाद्या पक्षाला एकूण 2,800 पहिल्या पसंतीची मते आहेत आणि त्याचे दोन उमेदवार आहेत असे धरा. ती 2,700 आणि 100 अशी विभागली तर पहिला लगेच निवडून येतो. परंतु 699 अतिरिक्त मतांपैकी काही मते वाटेतच इतर पक्षांकडे गळतात, आणि दुसऱ्याच्या झोळीत जेमतेम पाच-सहाशे मते पडून तो लवकर बाद होतो. तीच मते 1,400 आणि 1,400 अशी विभागली गेली तर सुरुवातीला कोणीच निवडून येत नाही, पण दोघेही बराच काळ स्पर्धेत टिकतात आणि बाद होणाऱ्यांची मते गोळा करत दोन्ही जागांपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून आयरिश पक्ष प्रभागाची रस्त्यांनिशी वाटणी करतात, आणि अमुक वसाहतीने या उमेदवाराला 1 व त्या उमेदवाराला 2 द्यावा अशी पत्रके घरोघर टाकतात. कोटा ओलांडून फार पुढे जाणारा उमेदवार ही शिस्त मोडतो. त्याच्या महत्त्वाकांक्षेला मात्र ते सोयीचे असते, कारण संसदीय उमेदवारी ठरवणाऱ्या पक्षजनांसमोर ‘देशात पहिला’ हा एकच आकडा पुरेसा ठरतो. 4,894 मतांचा खरा उपयोग फिंगलच्या सभागृहापेक्षा त्यापुढच्या उमेदवारीसाठी झाला असे म्हणणे त्यामुळे अतिशयोक्तीचे होणार नाही.

त्या दिवशीच्या मतदान केंद्रावरील आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. स्थानिक निवडणुकीत आयर्लंडमध्ये वास्तव्य असणाऱ्या, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही मत देता येते. नागरिकत्वाची अट नाही. भारतीय पारपत्रावर डब्लिनमध्ये नोकरी करणारी परिचारिका किंवा संगणक अभियंता मतदारयादीत नाव नोंदवून मत देऊ शकतो, आणि उमेदवार म्हणून उभाही राहू शकतो. यादीत नावापुढील इंग्रजी अक्षरावरून कोणाला कोणती मतपत्रिका द्यायची ते कळते, आणि ‘एल’ असलेल्याला फक्त स्थानिक निवडणुकीची मिळते. 2004 साली स्थानिक आणि युरोपीय संसदेच्या निवडणुकांबरोबर सार्वमतही होते. आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप नागरिकत्व मिळण्याचा घटनात्मक हक्क मर्यादित करावा की नाही, हा त्याचा विषय होता, आणि जवळपास 79 टक्के मतदारांनी होकार दिला. ज्यांच्या मुलांवर या निर्णयाचा परिणाम होणार होता त्या परदेशी रहिवाशांच्या हाती कौन्सिलची मतपत्रिका होती, सार्वमताची नव्हती. त्याच दिवशी एका भारतीय स्थलांतरित डॉक्टरच्या मुलाला देशातील सर्वाधिक मते मिळाली, आणि नायजेरियात जन्मलेले रोतिमी अदेबारी पोर्टलिशच्या नगर परिषदेवर निवडून आले. शेजारच्या घरातील माणसाला मत देणे आणि स्थलांतरितांविषयीच्या नियमाला मत देणे या दोन गोष्टी मतदार किती सहज वेगळ्या ठेवतो, हे या एका दिवसाच्या निकालांतून दिसते.

2007 साली वराडकर डब्लिन वेस्टमधून डॉलवर निवडून आले. 2003 च्या कायद्यानुसार त्यांना कौन्सिलची जागा सोडावी लागली, आणि कॅसलनॉकमध्ये पोटनिवडणूक न होता ती जागा त्याच नियमाने, पक्षाने सुचवलेल्या नावाने भरली गेली. 2014 पासून फिंगल काउंटी कौन्सिलची सदस्यसंख्या 24 वरून 40 झाली आणि देशातील 80 नगर परिषदा बरखास्त होऊन त्यांचे काम काउंटी कौन्सिलांकडे आले. मतपत्रिका, पेन्सिल, कठड्यापलीकडच्या रेघा आणि रिकाम्या जागेवरील नेमणूक यांत मात्र बदल झालेला नाही. 7 जून 2024 रोजी देशातील 31 कौन्सिलांच्या 949 जागांसाठी झालेली निवडणूक याच नियमांनी पार पडली.